भाकरीला मोहन

पोटात फुगा घालून वजन उतरवता येतं, हे आता ठाण्यात रिक्षांच्या मागच्या जाहिरातींवरूनही कळतं. फुगा काढल्यावर काय होतं, ते जाहिरातीत नसतं. माझी नोकरी त्या नंतरच्या भागात होती.

काम समजावं म्हणून थोडी माहिती. सिलिकॉनची एक मऊ पिशवी दुर्बिणीच्या साहाय्याने तोंडावाटे जठरात सोडतात आणि तिथे ती मिठाच्या निर्जंतुक पाण्याने फुगवतात. कापाकापी नाही, टाके नाहीत. मोठ्या मोसंब्याएवढा तो गोळा जठरातली जागा अडवतो, त्यामुळे थोडक्या अन्नात पोट भरतं. पहिले काही दिवस उलट्या आणि कळा, मग पातळ आहार, मग मऊ, मग नेहमीचा. साधारण सहा महिन्यांनी फुगा रिकामा करून बाहेर काढतात. जठर होतं तसंच असतं. भूकही होती तशी परत येते. उतरलेलं वजन त्यानंतर धरून ठेवायचं असतं आणि ते धरायला पोटात आता कुणी नसतं. या काळात पेशंटचं ताट, झोप, चालणं बघायचं, काटा वर सरकला तर कारण शोधायचं, हे माझं काम.

शिक्षणाने मी आहारतज्ज्ञ. पण पदवीनंतरची पहिली काही वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर गेली. आरोग्याचं पान बघायला म्हणून घेतलं होतं. प्रत्यक्षात हातून गेल्या त्या अपघात, आगी आणि पाणीकपातीच्या बातम्या. तिथली एक शिस्त अंगात मुरली. एकाने सांगितलं म्हणून बातमी होत नाही, दुसरीकडून दुजोरा लागतो. पुढे खोपटच्या एसटी डेपोजवळ एका दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा ही शिस्त बरोबर आली. खाण्याच्या बाबतीत पेशंट जे सांगतो ते अर्धंच असतं. फसवायचा हेतू नसतो. ओट्याशी उभ्या उभ्या तोंडात टाकलेलं माणूस खाण्यात धरतच नाही. म्हणून घरातल्या आणखी कुणाला तरी मी नेहमी विचारत असे.

तऱ्हेवाईक माणसं पुष्कळ भेटली. फुग्यातल्या पाण्यात निळा रंग मिसळलेला असतो. फुगा गळला तर लघवीचा रंग हिरवानिळा होतो आणि ताबडतोब यायचं असतं, हे प्रत्येकाला दोनदा सांगितलेलं असतं. कळव्याच्या एका गृहस्थांचा फोन आला. "मॅडम, लग्नात बडीशेपेच्या रंगीत गोळ्या खाल्लेल्या. त्याचा रंग उतरतो का हो खालून?" त्यांना तसंच रिक्षात बसायला सांगितलं. फुगा त्याच दिवशी काढला. रंग आदल्या दिवसापासून दिसत होता. लोक हसतील म्हणून ते बोलले नव्हते.

कल्याणच्या एका शिक्षिकेचं वजन छान उतरलं आणि तिथून तिच्या अडचणी सुरू झाल्या. आपल्याकडे वजनही उतरतं आणि चेहराही उतरतो, क्रियापद एकच. सोसायटीतल्या बायका जिन्यात थांबवून विचारायच्या, "किती उतरलीस गं, बरी आहेस ना?" शेजारच्या वहिनींनी डिंकाच्या लाडवांचा डबा आणून दिला. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून बाईंनी शंकरपाळे केले. चांगले झाले का ते बघण्यासाठी खाल्ले. पुढच्या भेटीत त्या वजनकाट्यावर चढायच्या आधी मंगळसूत्र काढून ठेवायला लागल्या.

असल्या गोष्टींची सवय होते. नितीनच्या प्रकरणाची झाली नाही. नाव बदललं आहे, बाकी घडलं तसं.

नितीन तिशीचा, डोंबिवली पूर्वेला राहणारा, शीळफाट्याजवळ एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. घरी तो आणि आई. वडील एसटीत ड्रायव्हर होते, ते गेले. मूळ गाव सोलापूरकडचं. आमच्याकडे लोक येतात ते गुडघ्यांसाठी, साखरेसाठी, लग्न ठरावं म्हणून. नितीनचं कारण वेगळं होतं. आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि तिचं डायलिसिस चालू होतं. लग्न झालेल्या बहिणीचा रक्तगट जुळला नव्हता. नितीनचं सगळं जुळलं. मात्र प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांनी त्याचं वजन बघून सांगितलं, एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी आम्ही काढत नाही. शस्त्रक्रियेतही धोका आणि नंतर मागे उरलेल्या एका किडनीवरही भार. वजन उतरवा, फुगा निघाल्यावर काही महिने ते टिकवून दाखवा, मग तारीख देतो.

म्हणजे या प्रकरणात काट्यावरचा आकडा नितीनचा असला, तरी त्यावर आयुष्य आईचं ठरणार होतं.

फुगा होता तोवर सगळं नीट चाललं. फुगा निघाला. पहिल्या भेटीत वजन जागेवर होतं. पुढच्या भेटीत थोडं वर, त्यापुढच्या भेटीत आणखी वर.

"नितीन, काय चाललंय?"

"काही नाही मॅडम. दोन भाकऱ्या दुपारी, दोन रात्री. भाजी, ताक. तुम्ही दिलंय तेच."

"आणि बाहेर?"

"बिनसाखरेचा चहा. पोरं वडापाव मागवतात, मी हात लावत नाही. त्यांचे टोमणे तेवढे खातो. त्यात कॅलरी नसतात ना?"

त्याच्या आईला फोन केला. "काकू, नितीन घरी काय काय खातो?"

"माझ्या हातचंच खातो गं. बाहेरचं शिवतसुद्धा नाही. तू त्याला बोल लावू नकोस."

दुजोरा मिळाला. पण काटा ऐकत नव्हता. थायरॉइड तपासलं, रक्त तपासलं, अंगावर सूज आहे का बघितलं. सगळं ठीक निघालं. आमच्या डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "खातोय. तुम्हाला सांगत नाही इतकंच." मलाही तसंच वाटू लागलं होतं. प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांकडून निरोप आला, वजन असंच चढत राहिलं तर तारीख देता येणार नाही. मी नितीनला बोलावून तो निरोप जसाच्या तसा ऐकवला. त्याने मान हलवली. वाद घातला नाही.

पुढच्या भेटीला तो कामावर जाता जाता आला आणि खुर्चीत बसायच्या आधी पिशवीतून डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"डबाच आणलाय मॅडम. तुम्हीच बघा."

वरच्या पुडात दोडक्याची भाजी, काकडीच्या चकत्या. खालच्या पुडात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या दोन भाकऱ्या. मी कागद उलगडला. आकार बरोबर होता, जाडी किंचित जास्त. मग नजर कागदावर गेली. भाकरी होती तिथे तो तावदानासारखा पारदर्शक झाला होता. खिडकीच्या उजेडात धरला, तर मागच्या पानावरचा मथळा पुढच्या पानावरच्या बातमीतून उलटा वाचता येत होता.

भाकरीला तेल नसतं. तव्यावर पाणी फिरवतात, मग विस्तवावर फुगवतात. कागदाला फार तर वाफेचा दमटपणा लागतो, आणि तो वाळतो. मी भाकरी मोडली. ती लवली नाही. करंजीच्या पारीसारखी मोडली, खुसखुशीत.

नितीन माझ्याकडे बघत होता.

"मी एकदा घरी येऊन जाऊ का?" मी विचारलं.

"या की," तो म्हणाला. डबा पिशवीत ठेवता ठेवता म्हणाला, "मी नसताना या."

डायलिसिस नसलेल्या दिवशी मी डोंबिवलीला गेले. दार काकूंनीच उघडलं. बारीक चणीची बाई, रंग राखेसारखा झालेला. डायलिसिससाठी जोडलेली शीर डाव्या हातावर दोरीसारखी वर आलेली होती. त्या हाताने जोर लावायचा नसतो. मला स्वयंपाकघरातच पाटावर बसवून त्यांनी अर्धवट राहिलेलं काम पुढे चालवलं. परातीत ज्वारीचं पीठ होतं. गॅसवर कढल्यात तूप तापत होतं. मी समोर बसलेली असताना त्यांनी ते उचललं आणि पिठात ओतलं. चर्र आवाज झाला.

पिठात घालायच्या अशा कडकडीत तुपाला किंवा तेलाला मोहन म्हणतात. करंजीला घालतात, शंकरपाळ्यांना घालतात. ज्वारीच्या भाकरीला कुणी घालत नाही. घातलं तर ती थापताना कडेने फुटते.

"काकू, भाकरीला मोहन?"

"फुटते ना. म्हणून गव्हाचं पीठ मिसळते मूठभर. दुधात भिजवते, दशमीला भिजवतात तसं. शेंगदाण्याचं कूट घालते. ताक सायीच्या दह्याचं." त्या उजव्या हाताने पीठ चोळत होत्या. "तू येणार म्हणून तो सकाळी सांगून गेला. म्हटलं, येऊ दे. लपवून किती दिवस लपवायचं?"

"कधीपासून चाललंय हे?"

"फुगा काढल्यापासनं. फुगा होता तवर त्याला जातच नव्हतं."

डेस्कवर असताना घरात विष कालवल्याच्या बातम्या मी दुरुस्त केल्या होत्या. आईने पोराला मारलं, पोराने आईला मारलं, सगळ्या प्रकारच्या. पोराच्या भाकरीत तूप कालवणारी बाई त्यातल्या कुठल्याच मथळ्यात बसत नव्हती. मी दुजोरा जिच्याकडून घेत होते, कढलं तिच्याच हातात होतं.

"का पण?"

"बस. चहा टाकते तुला. मी घेत नाही, माझं पाणी मोजून असतं." त्यांनी खरंच चहा टाकला, आणि तो उकळेस्तोवर पाठमोऱ्या बोलत राहिल्या. "लग्न व्हायचंय त्याचं. एका किडनीच्या पोराला मुलगी कोण देतं, सांग. आणि उद्या त्याची तीच बिघडली तर? त्याच्या बापाकडं सगळ्यांना बीपी. मी नको म्हटलं, शंभरदा म्हटलं. ऐकत नाही. मग डॉक्टर म्हणाले, वजन उतरलं तरच घेऊ. म्हटलं चला, वजन तर आपल्या हातात आहे."

"तुमचं काय होईल ते माहितीये ना?"

"मला नाही तर कुणाला? डायलिसिसच्या खुर्चीत मीच बसते ना तिथं." चहाचा कप माझ्यापुढे ठेवत त्या म्हणाल्या, "तू फक्त त्याला नापास कर. लिही की ह्याच्याच्यानं होत नाही. तुझं काही जातंय का?"

तो चहा मला संपवता आला नाही. नितीन माझा पेशंट होता, त्याच्यापासून हे लपवणं माझ्या हातात नव्हतं. तसं मी सांगितलं. तुम्ही सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल.

"तूच सांग," त्या म्हणाल्या. "मला त्याच्या तोंडाकडं बघून सांगता यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी नितीनला बोलावलं. काय बोलायचं ते मी मनात नीट लावून ठेवलं होतं. दोन वाक्यं झाली आणि तो म्हणाला, "माहितीये मॅडम."

मला वाटलं, आईने सांगितलं.

"नाही. ती काही बोललेली नाही. भाकरी अशी तुटते का? लहानपणापासून तिच्या हातची खातोय मी. पहिल्याच दिवशी कळलेलं."

एका प्रकरणात दोन धक्के बसतील असं वाटलं नव्हतं. मी विचारलं, "कळलं होतं, तर खात का राहिलास?"

तो कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बघत बोलला. "कळलं तेव्हा हलकं वाटलं मला. म्हटलं, तिलाच नकोय ना, मग माझ्यावर येत नाही. हॉस्पिटलात मला एकट्याला बसवून विचारलेलं. म्हणाले, मनात नसेल तर आम्हाला सांग. घरच्यांना आम्ही वैद्यकीय कारण देऊ, कुणाला कळणार नाही. मला ते तोंडाने म्हणता येईना. मग वजनाने म्हणत राहिलो."

बाहेर बसलेल्यांपैकी कुणाचा तरी फोन वाजत होता. तो वाजून थांबला.

ही सोय खरी आहे, आणि ती असायलाच हवी. दात्याला एकट्याला विचारतात ते यासाठीच. ते दार अजून उघडं आहे, मुलगा असला म्हणून किडनी देणं बंधनकारक होत नाही, हे मी नितीनला स्पष्ट सांगितलं.

"मग डबा का आणलास माझ्याकडे?"

"त्याच्या आदल्या दिवशी तिला डायलिसिसहून आणायला गेलेलो. रिक्षात नुसती ओठांवरून जीभ फिरवत होती. दिवसाचं पाणी संपलेलं. मी रसवंतीवाल्याकडून बर्फाचा खडा आणून दिला. तो तोंडात धरला आणि मला विचारते, दुपारची भाकरी खुसखुशीत झाली होती का रे. पेलाभर पाणी नाही मिळत तिला. आणि मी कुठे लपलोय, तर तिच्याच भाकरीमागे. पण तिचं नाव घ्यायचं नव्हतं मला. म्हणून डबा तुमच्यापुढे ठेवला. म्हटलं, तुम्हाला कळेल."

त्यानंतर तो हॉस्पिटलात जाऊन एकटा डॉक्टरांना भेटला. आत काय बोलला ते मला माहीत नाही. ते विचारायचा मला अधिकारही नव्हता. मला कळलं ते काट्यावरून. पुढच्या भेटीत वजन खाली होतं. त्याच्या पुढच्या भेटीत आणखी खाली. मग ते तिथेच राहिलं.

घरातली हकीकत तो तुकड्या-तुकड्यांत सांगायचा. भाकऱ्या तो स्वतः करायला लागला होता. तूप कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं, आईचा हात पोचत नाही तिथे. आई आधी बोलेना. मग स्टुलावर बसून बोलायला लागली.

"काय म्हणतात?"

"काल म्हणाली, ही भाकरी आहे की जिल्ह्याचा नकाशा."

किडनी घेणाऱ्याचीही संमती लागते, आणि काकू तयार होत नव्हत्या. शेवटी कशा झाल्या, ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. नितीन त्यांना म्हणाला होता, "मुलगी कोण देणार म्हणतेस. तू नसलीस तर बघायला कोण जाणार?" त्यावर त्यांना उत्तर सुचलं नाही. सुचलं नाही याचा राग त्यांना अजून आहे.

माझ्या कामात मी प्रत्येकाला पहिल्या भेटीत विचारत असे, स्वयंपाक कोण करतं. प्रश्न बरोबर होता, अपुरा होता. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला हे वजन उतरायला हवं आहे का, हे मी इतक्या वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. फुगा पेशंटच्या पोटात असतो, पण त्याचं जेवण ज्याच्या हातात असतं, त्याच्या मनात काय आहे ते कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही. नितीननंतर मी तो प्रश्न विचारू लागले. नवरा बारीक झाला तर बाहेर बघायला लागेल म्हणून भातावर तूप वाढणारी बायको मला त्यानंतरच भेटली. ती आधीही असणार.

शस्त्रक्रिया झाली. बरेच महिने फोनवरच खुशाली कळत होती. मग एका सकाळी मायलेक दवाखान्यात आले. नितीनला वजन आता जन्मभर सांभाळायचं होतं, एका किडनीसाठी. तो काट्यावर चढला. आकडा जागेवर होता. काकूंच्या तोंडावर मास्क होता, वरचा रंग माणसाचा झाला होता. त्यांनी पिशवीतून कागदाची एक गुंडाळी काढून माझ्यापुढे ठेवली.

"तुला आणल्यात. दोन."

मी कागद उलगडला आणि हात आपोआप खिडकीकडे गेला.

"बघ बघ," काकू म्हणाल्या. "उजेडात धरून नीट बघ."

कागद कोरडा होता. पुढच्या पानावर पुढचीच बातमी होती. भाकऱ्यांच्या कडा तीन ठिकाणी फाटल्या होत्या.

"नितीनने केल्यात?"

"मग, मी अशा करते का?"

"आई, घरी नावं ठेव," नितीन म्हणाला.

काकूंनी मास्क खाली ओढला. "जिना चढून आल्यानं घसा सुकलाय. पाणी दे गं जरा."

मी उठून माठातलं पाणी काढलं. डायलिसिसवर असतानाचं त्यांचं पाणी डोक्यात होतं, म्हणून पेला अर्धा भरला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पेला परत माझ्यापुढे धरला.

"भरून दे."